पाणी गाळतो, मग लस का टाळतो?

आमच्या महिला मंडळात एक वाक्य वरचेवर ऐकू येतं. "आपल्या घरी कांदा-लसूण चालत नाही, रात्रीचं जेवण नाही, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाही. मंग आपल्या पोट्ट्याइले रोग होतीन कायचे?" हे म्हणणाऱ्या बाया अडाणी नाहीत. कुणी बी.ए. झालेली आहे, कुणी नागपूरला शिकून आलेली आहे, कुणी दुकानाचा सगळा हिशोब एकटी सांभाळते. म्हणूनच या वाक्याची मला भीती वाटते. अडाणीपणावर शिकवण्याचा उपाय करता येतो, पण शुद्धतेच्या अभिमानावर काय उपाय करायचा? माझं भांडण या वाक्याशी आहे, आणि ते मी आज उघड उघड मांडणार आहे.

आधी आपण कुठे राहतो ते पाहू. आपलं बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं. औद्योगिक क्षेत्र झालं तेव्हापासून कारखान्यांत कामाला माणसं कुठून कुठून येतात. सौंसरचा बाजार, पांढुर्ण्याचं रेल्वे स्टेशन, गोटमारीच्या जत्रेला लोटणारी गर्दी, संत्र्याच्या हंगामात येणारे ट्रक, हे सगळं आपल्या दारातच आहे. आपल्या मुली अमरावती, वर्धा, कारंज्याला दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी दवाखान्याचं मोठं काम निघालं की आपली गाडी नागपूरकडेच वळते. जिथून माणूस येतो तिथून रोगही येतो. गोवराचा विषाणू बसमध्ये चढताना "हे कांदा-लसूण खाणारे आहेत का?" असं विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा. मैत्रिणींनो, न दिसणाऱ्या जिवांची गोष्ट आपल्याला कुणी परक्याने शिकवलेली नाही. सूक्ष्मदर्शकातून पाण्याचा थेंब पाहण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आजी-पणजीने हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, हे तिला पाठ होतं. धान्य निवडून घ्यायचं, पीठ जुनं होऊ द्यायचं नाही, पावसाळ्यात पालेभाजी वर्ज्य, चातुर्मासात जास्त जपायचं. हा सगळा आचार कशावर उभा आहे? "दिसत नाही म्हणून नाही असं समजू नको" या एका समजुतीवर. ज्या समाजाला हे इतकं पक्कं माहीत आहे, त्याच समाजातली बाई "कुठे दिसते तुमचा तो जंतू?" असं आशाताईला विचारते, तेव्हा मला तिचं आश्चर्य वाटतं. दिसत नाही म्हणून पाणी गाळणारी तूच ना गं?

पाणी गाळण्याच्या पुढचं पाऊल म्हणजे लस. फडकं हंड्याच्या तोंडावर असतं, लस शरीराच्या आत. ती नेमकं काय करते, हे आपल्याला कुणी नीट सांगत नाही. सुई टोचतात, कार्डावर तारीख लिहितात, "ताप आला तर गोळी द्या" म्हणतात आणि पुढच्या बाईला हाक मारतात. म्हणून ते मी इथे सांगते.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काही पेशींचं काम ओळखण्याचं. शरीरात परका जंतू शिरला की त्याचा आकार, त्याच्या अंगावरच्या खुणा या पेशी तपासतात. ती खूण जिला जुळते ती पेशी वाढू लागते, एकीच्या हजारो होतात, आणि त्या जंतूला चिकटून त्याला निकामी करणारे पदार्थ तयार करतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. पण पहिल्या भेटीत या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. घटसर्प, डांग्या खोकला, गोवर हे तेवढा वेळ थांबत नाहीत. शरीराची तयारी होईपर्यंत तान्ह्या मुलाचा घसा बंद होतो, नाहीतर फुप्फुस भरून येतं. जे मूल यातून वाचतं त्याच्या शरीरात काही पेशी आठवण धरून राहतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या लगेच उठतात, आणि रोग अंगात मुरण्याआधीच काम संपवतात. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. कारण तिला माहीत नव्हतं, एवढंच.

लस ही आठवण रोगाशिवाय देते. कुठे जिवंत पण अगदी दुबळा केलेला जंतू असतो, जसा गोवर-रुबेलाच्या लसीत. कुठे मारलेला जंतू असतो, जसा पोलिओच्या इंजेक्शनात. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीत तर जंतूच नसतो, त्याचं विष निकामी करून दिलेलं असतं. काविळीच्या (हिपॅटायटिस-बीच्या) लसीत विषाणूच्या कवचाचा एक अंश फक्त. शरीराला ओळखायला तेवढी खूण पुरते. चोराचा फोटो पाहून ठेवला की चोर दारात आल्यावर ओळखता येतो, त्यासाठी आधी घर लुटू द्यावं लागत नाही. लसीनंतर येणारा बारीक ताप, टोचल्या जागी येणारी सूज ही शरीर त्या ओळखीच्या कामाला लागल्याची खूण आहे. "ताप आला म्हणजे लस वाईट" असं म्हणणं म्हणजे चूल पेटल्यावर धूर आला म्हणून स्वयंपाक वाईट म्हणण्यासारखं आहे.

एकच लस पुन्हा पुन्हा का? सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला का? कारण पहिल्या मात्रेने ओळख होते आणि पुढच्या मात्रांनी ती पक्की होते. पाठशाळेत णमोकार मंत्र मुलांकडून एकदाच म्हणून घेता का? आणि गोवराची लस नऊ महिन्यांपर्यंत का थांबवतात? याचं उत्तर प्रत्येक आईला आवडेल. शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. जन्मानंतर काही महिने बाळ आईच्या या शिदोरीवर जगतं. ती अंगात असताना गोवराची लस दिली तर आईची प्रतिपिंडंच त्या लसीला निकामी करतात. शिदोरी सरत आली की लसीची वेळ होते. म्हणजे लस आईच्या विरोधात नाही, आई जिथे थांबते तिथून पुढे ती चालू लागते. आणि आईच्या शिदोरीत काय असेल, हे आईला काय मिळालं होतं त्यावर ठरतं. गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन देतात ते यासाठीच. एके काळी नाळ कापताना लागलेल्या घाणीने आठवड्याभराचं बाळ ताठ होऊन जायचं. बाया म्हणायच्या, नजर लागली, बाहेरची बाधा झाली. ती धनुर्वाताची बाधा होती. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. कोणत्या मंत्राने झालं हे? स्वच्छ बाळंतपणाने, आणि गरोदर बाईच्या दंडात दिलेल्या त्या इंजेक्शनाने.

आता घरातल्या साठीच्या पुढच्या बाईचा दंड पहा. त्यावर मोठा, खोलगट व्रण दिसेल. देवी काढल्याची ती खूण. आपल्या भाषेत या रोगाचं नावच 'देवी', आणि टोचण्याला 'देवी काढणं'. जिच्यापुढे हात जोडण्याखेरीज काही करता येत नव्हतं, तिला माणसाने देवीच म्हटलं. लस न घेतलेल्या माणसाला हा रोग झाला की दहातले तीन दगावायचे. उरलेल्यांत किती आंधळे, किती चेहऱ्यावर वण घेऊन जन्मभर अविवाहित राहिलेल्या मुली! १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर नावाच्या इंग्रज वैद्याने गाईच्या देवीतला स्राव एका मुलाला टोचून पाहिला. त्यानंतर सहाच वर्षांत, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली. भारतातली ती पहिली. तिच्या दंडावरच्या फोडातून लस दुसऱ्यांना दिली गेली, आणि तशीच ती पुढे देशाच्या इतर भागांत पोचली. एका तीन वर्षांच्या पोरीच्या हातावरून ही गोष्ट आपल्या देशात सुरू झाली, पण आपल्या पाठ्यपुस्तकात तिचं नाव नाही. ८ मे १९८० ला जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. तुमच्या मुलांच्या दंडावर तो व्रण नाही याचं कारण तुमच्या सासूच्या दंडावर तो आहे.

इथे आपल्यातल्या जाणत्या बाया एक प्रश्न काढतात, आणि तो खरा प्रश्न आहे. लसीत हिंसा आहे, त्याचं काय?

हा प्रश्न मी टाळणार नाही. एके काळी देवीची लस वासरांच्या कातडीवर तयार करायचे. आजही काही लसींचे विषाणू प्राण्यांच्या किंवा अंड्यातल्या पेशींवर वाढवतात, काहींत जिलेटिन घालतात. २०२१ च्या जूनमध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्तद्रव्य असल्याची चर्चा उठली. त्यावर सरकारने सांगितलं की ते फक्त पेशी वाढवताना वापरतात, तयार लसीत ते नसतं. म्हणजे प्राण्याचा संबंध मुळीच नाही असं कुणी म्हणालं तर ते खोटं, आणि लस म्हणजे मांस असं कुणी म्हणालं तर तेही खोटं.

पण मग पुढे बोलू. गांधीजींइतका अहिंसेचा विचार केलेला माणूस आपल्या काळात दुसरा नाही, आणि ते देवीच्या लसीच्या विरोधात होते. त्यांनी तसं लिहिलेलं आहे. १९३० मध्ये साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुलं गेली. त्या मुलांनी कसलं व्रत घेतलं होतं? व्रत मोठ्यांचं होतं, आणि जीव लहानांचे गेले. तेच गांधीजी १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेऊन वाचले होते. गांधीजींचा मी आदर करते, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकायला मी तयार नाही. आपल्या समाजात आज जो कुणी "शुद्ध आहार हीच लस" असं व्यासपीठावरून सांगतो, त्याचं तर मुळीच नाही.

शास्त्राचंच बोलायचं तर आपल्याला गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार शिकवलेले आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचं म्हणून मारणं ती संकल्पी, आणि गृहस्थाने सर्वांत आधी सोडायची ती हीच. चूल, शेती, व्यापार, घराचं रक्षण यांत जी घडते ती कमीत कमी व्हावी एवढं बंधन. लेकराचा जीव वाचवायला टोचलेली लस कोणत्या खान्यात बसते, ते तुम्हीच सांगा. शिवाय आपल्याकडे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. प्रमाद म्हणजे बेपर्वाई, गाफीलपणा. दिवा उघडा ठेवला आणि पतंग जळाला, तर "मी मारला नाही" म्हणून सुटका नाही. मग गोवराची लस घराशेजारी फुकट मिळत असताना लेकराला दिली नाही, आणि त्याच्यापासून शेजारणीच्या सहा महिन्यांच्या बाळाला गोवर झाला, तर त्या हिंसेचा हिशोब कुणाच्या खात्यावर? गोवर झालेला एक जण लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णवांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच साथ अडते. ज्यांना लस देता येत नाही अशी तान्ही मुलं, कॅन्सरचे रुग्ण, ही सगळी उरलेल्यांच्या आडोशाला असतात. आपण त्या आडोशातली वीट काढतो, आणि वर स्वतःला अहिंसक म्हणवतो!

अजून एक गोष्ट स्पष्टच बोलते. लसीतल्या जिलेटिनवर अर्धा तास बोलणारी बाई लग्नाला रेशमी शालू नेसून येते, गळ्यात मोत्याचा सर घालते, आणि तिच्या घरातल्या जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचंच असतं. रेशमाच्या किड्याचा आणि शिंपल्यातल्या जिवाचा विचार तेव्हा कुठे जातो? आपली चिकित्सा नेमकी लेकराच्या दंडापाशीच कशी जागी होते? खरोखर तळमळ असेल तर आपल्या समाजाकडे पैसा आहे, डॉक्टर आहेत, औषधांचे कारखानदार आहेत. प्राण्यांशिवाय तयार होणाऱ्या लसींसाठी त्यांनी संशोधनाला पैसा द्यावा. मंदिराच्या कळसाची बोली लागते तशी त्याचीही लागू द्या. मी पहिली वर्गणी देईन. पण ती लस येईपर्यंत लेकरू उघडं ठेवायचं नाही.

दुसरा आक्षेप ताजा आहे, आणि त्यापुढे मी मान खाली घालते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या भागात, खोकल्याचं औषध पिऊन लहान मुलं गेली. वीसहून अधिक. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली, आयांनी त्यांना नागपूरच्या दवाखान्यांत नेलं आणि तिथून रिकाम्या हाताने परत आल्या. त्यानंतर इथली एक सून मला म्हणाली, "बाटलीतलं औषध असं निघते, तं सुईतलं कसं भरोशाचं मानू जी?" तिला मी मूर्ख म्हणणार नाही. तिने बरोबर प्रश्न विचारला.

पण उत्तरही पूर्ण ऐका. त्या औषधाने काय सिद्ध झालं? तपासणी झाली नाही तर औषध विष होतं, हे सिद्ध झालं. म्हणून आपली मागणी तपासणीची हवी. लसीच्या बाबतीत प्रत्येक घाण्याची तपासणी हिमाचलमधल्या कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेत होते, मगच तो घाणा बाहेर पडतो. तरी डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो, तो पहायला शिका. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला तर लस चालते. तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर उष्णतेने ती वाया गेली, घेऊ नका. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, कारण लाखो मुलांमधल्या एखाद्याला तीव्र वावडं येऊ शकतं आणि तेव्हा नर्सबाई जवळ असायला हवी. बाजारात भेंडी मोडून पाहणाऱ्या आपण, कुपी पहायला काय लाजायचं?

हा प्रसंग जगाला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने तिथेच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्याच्या परिसरात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. लस तेव्हा दोन महिन्यांची होती. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिनवर ठपका आला, त्याचं काम थांबलं. चौकशी चालली, वाद झाला, आणि १९०७ मध्ये दोष त्याच्या लसीचा नव्हता हे मान्य झालं. गावात बाटली उघडताना ती दूषित झाली होती. त्या १९ जणांचे जीव परत आले नाहीत, पण त्या दोषासाठी लसच फेकून दिली असती तर प्लेगने आणखी किती नेले असते? परळची हाफकिन संस्था आजही त्याच्या नावाने उभी आहे. दोषी कोण ते शोधा, त्याला शिक्षा करा, भरपाई मागा. परासियाच्या आयांसाठी आपलं मंडळ किती वेळा उभं राहिलं? त्यांच्या दुःखाचा उपयोग आपण फक्त लस टाळायला करणार असू, तर ते त्यांचंही दुःख राहत नाही.

तिसरी गोष्ट, "आता कुठे असते गोवर-बिवर!" असते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवराची साथ पसरली, मुलं दगावली, त्याच सुमारास मालेगावातही रुग्ण निघाले. आजारी पडलेल्यांत अनेकांनी लस घेतली नव्हती, किंवा अर्धवट सोडली होती. कोरोनाच्या दोन वर्षांत राहून गेलेल्या मात्रांचं ते देणं होतं. आणि गोवर म्हणजे नुसतं अंगावर पुरळ नव्हे. तो शरीराची जुनी आठवण पुसतो. आधी झालेल्या रोगांशी लढण्याची जी ओळख पेशींनी धरून ठेवलेली असते, तीच तो खातो, आणि बरं झालेलं मूल पुढे कितीतरी महिने दुसऱ्या आजारांना बळी पडतं. पोलिओ दिसत नाही, कारण बूथवर दोन थेंब पाजणाऱ्या बाया घरोघर फिरल्या. देशातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला. रोग दिसत नाही म्हणून लस नको म्हणणं, म्हणजे गळत नाही म्हणून छपरावरची कवेलू काढण्यासारखं.

लसीने मूल मंद होतं, बोलत नाही, ही अफवाही फोनवरून आपल्यापर्यंत पोचली आहे. ती १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरच्या लेखातून निघाली. लेख खोटा ठरला, २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला, आणि त्या डॉक्टरची वैद्यकीय नोंदणीच रद्द झाली. लेख मागे गेला, अफवा मात्र आपल्या बोरगावला येऊन राहिली.

शेवटी आपल्या मुलींबद्दल. इथे मंडळात सगळ्या बाया एकदम गप्प होतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. २०२० च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला सुमारे १ लाख २३ हजार बायांना तो होतो आणि ७७ हजार मरतात, असं म्हटलं आहे. त्याची लस आहे, पुण्यात तयार झालेली देशी लसही २०२३ मध्ये आली. त्या लसीत विषाणूचं फक्त रिकामं कवच असतं. नऊ ते चौदा वर्षांच्या वयात ती सर्वांत उपयोगी पडते. स्वीडनमध्ये लाखो मुलींचा अभ्यास झाला. सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. "आपली पोरगी तशी नाही, तिले कायले पाहिजे?" असं म्हणणाऱ्या आईला मी विचारते: तुझी पोरगी लग्न करणार आहे ना? विषाणू नवऱ्याकडून येतो, आणि नवऱ्याचं चारित्र्य तू तपासून आणणार आहेस का? शीलवान बायकांनाही हा कर्करोग झाला आहे. ही लस म्हणजे मुलीच्या चारित्र्यावर शंका नव्हे. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये या लसीच्या प्रकल्पात मुलींची संमती नीट घेतली नाही म्हणून संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले, ते बरोबरच होते. त्या मुलींचे मृत्यू मात्र लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही. म्हणून समजून घ्या, विचारा, आणि मग मुलीला घेऊन जा. आणि तिशीनंतर स्वतःचीही तपासणी करून घ्या, कारण लस घेण्याचं आपलं वय निघून गेलं आहे, कर्करोगाचं नाही.

मला ठाऊक आहे, घरात निर्णय सुनेचा नसतो. कार्ड सुनेच्या पेटीत असतं आणि 'नाही' सासऱ्याच्या तोंडात. म्हणून हे मी सुनांपेक्षा सासवांना सांगते आहे. तुमच्या दंडावर व्रण आहे, तुम्ही जगलात. सुनेला घेऊन आंगणवाडीत तुम्ही स्वतः जा. मग घरातल्या पुरुषाची काय टाप आहे अडवायची!

मंडळाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पाठशाळेत नाव घालताना मुलाचं लसीकरणाचं कार्ड पहायचं, आणि राहिलेल्या मात्रांची यादी आशाताईकडे द्यायची. चातुर्मासात महाराज किंवा माताजी येतील तेव्हा त्यांना विनंती करायची, की प्रवचनात या विषयावर एक दिवस द्यावा. आणि दसलक्षणात, उत्तम संयमाच्या दिवशी, मंदिराच्या सभागृहात नर्सबाईंना बोलवायचं. कुपीवरचा तो गोल आणि चौकोन बायांनी स्वतःच्या डोळ्यांनी पहायचा. विरोध असेल त्यांनीही यावं, आणि माझ्यासमोर बोलावं. पुढच्या सभेला प्रत्येकीने घरातल्या लहानांचं कार्ड सोबत आणावं. ज्यांचं हरवलं असेल त्यांनी तसं सांगावं, नवीन करून मिळतं.